मांडवाखालच्या उन्हात दिसणारं घड्याळ: ॲमोलेड, टीएफटी की एमआयपी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, घर निफाडजवळ. घरात सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते त्यांचे वडील ६३ वर्षांचे आहेत आणि द्राक्षबाग अजून स्वतः बघतात. अण्णांना स्मार्टवॉच हवंय ते एवढ्यासाठी, की खिशातला फोन न काढता कोणाचा फोन आलाय ते कळावं, वेळ दिसावी, चाललेली पावलं दिसावीत. बजेट १५ हजारांपर्यंत. दुकानदार दोन इंची टीएफटी पडद्याचं घड्याळ दाखवतोय. धाकटा भाऊ म्हणतो, ॲमोलेडशिवाय दुसरं घ्यायचंच नाही. धावण्याच्या ग्रुपमधला मित्र म्हणतो, उन्हात एमआयपीला तोड नाही. शिवाय यांना स्वतःलाही एक घ्यायचंय: दिवसभर ऑफिस आणि पहाटे धावणं. शेवटी विचारलंय, "सगळ्यात चांगली स्क्रीन कोणती?"

मी सांगलीत घड्याळदुरुस्ती करतो. २६ वर्षं झाली. सुरुवात चावीच्या आणि क्वार्ट्झच्या घड्याळांपासून केली, आता बाकावर येणारं निम्मं काम स्मार्टवॉचचं असतं. मी घड्याळं विकत नाही, त्यामुळे कोणतं घ्याल यात माझा नफा-तोटा नाही. तासगाव-मिरजेकडचे बागायतदार नेहमी येतात, म्हणून अण्णांची गरज मला चांगली समजते.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. तुमच्या एका प्रश्नात दोन माणसं आहेत आणि दोघांचे डोळे, दोघांचा उजेड वेगळा आहे. अण्णा बागेत चाळिशीचा चष्मा लावून फिरत नसणार. हात मातीचे, औषधाचे. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षवेलींचा मांडव उघडा पडतो आणि ऊन थेट मनगटावर येतं. तेच पावसाळ्यानंतर पानं दाट झाली की मांडवाखाली कवडसे, एका पावलावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली. तुमचं उलट आहे: दिवसभर ट्यूबलाइट, पहाटे पाचला अंधार, डोळे तरुण. या दोघांना एकच स्क्रीन 'सगळ्यात चांगली' ठरेल असं मला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. टीएफटी, आयपीएस, ॲमोलेड, एमआयपी ही नावं ऐकून डोकं गरगरतं. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच विचारतो: या पडद्याचा उजेड स्वतःचा आहे की उसना? काही पडदे स्वतः उजेड पाडतात. ते अंधारात राजे असतात, पण बाहेर पडले की त्यांना सूर्याशी झुंजावं लागतं. काही पडदे बाहेरचाच उजेड घेऊन तो परत फेकतात, जसा कागद फेकतो. ते उन्हात खुलतात आणि अंधारात मुके होतात. बॅटरी किती दिवस टिकेल, पडदा कायम चालू ठेवता येईल का, उन्हात दिसेल का, या सगळ्याची उत्तरं बऱ्याच अंशी या एका फरकातून निघतात.

हे भांडण जुनं आहे. १९७२ साली हॅमिल्टन कंपनीचं पल्सर घड्याळ बाजारात आलं. काळ्या काचेत लाल एलईडीचे आकडे, किंमत २,१०० डॉलर. आकडे स्वतःच्या उजेडाने चमकायचे, पण इतकी वीज खायचे की ते कायम चालू ठेवणं शक्य नव्हतं. वेळ बघायची तर बटण दाबायचं, आकडे क्षणभर उजळून विझायचे. भर उन्हात तेही फिकट. १९७३ मध्ये सेकोने सहा आकडी एलसीडी घड्याळ आणलं. त्यातले आकडे स्वतः चमकत नव्हते, बाहेरच्या उजेडात काळे उठून दिसत होते आणि म्हणूनच ते कायम चालू राहू शकत होते. काही वर्षांतच एलईडी घड्याळं मागे पडली. १९८९ पासून मिळणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू एका सेलवर सुमारे सात वर्षं चालतं ते याच उसन्या उजेडाच्या जोरावर. आज तुमचा भाऊ आणि तुमचा मित्र जे भांडतायत, ते मुळात हेच आहे.

आता एकेक पडदा बाकावर घेऊ.

दुकानदार ज्याला टीएफटी म्हणतो तो म्हणजे साधा एलसीडी. (खरं तर ॲमोलेडच्या पोटातही टीएफटी म्हणजे पातळ ट्रान्झिस्टरांचा थर असतोच, पण बाजारात टीएफटी म्हटलं की एलसीडी समजायचं.) याच्यामागे एलईडीचा दिवा असतो आणि पुढचे द्रव-स्फटिक तो उजेड अडवतात किंवा सोडतात. अडवतात म्हटलं तरी पूर्ण अडत नाही, म्हणून काळा रंग कधीच काळा होत नाही, राखाडी दिसतो. खोलीत दिवे घालवून काळी वॉच-फेस (पडद्यावरची घड्याळाची तबकडी) लावा, कडांपर्यंत धुरकट चमक दिसेल. पडद्यावर एक आकडा दाखवायचा असला तरी मागचा दिवा अख्खा लागतो. त्यामुळे या घड्याळांत पडदा कायम चालू ठेवायची सोय बहुधा नसते, आणि जिथे असते तिथे बॅटरी लवकर संपते. टीएफटीतही दोन जाती: आयपीएस असेल तर तिरक्या कोनातून रंग टिकतात, साधा टीएन प्रकार असेल तर मनगट थोडं वळलं की रंग उलटे-फिकट होतात. कोणता आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, घड्याळ हातात धरून तिरकं करून बघायचं.

स्वस्त टीएफटी घड्याळांतली खरी अडचण मला उघडल्यावर दिसते. वरची टचची काच आणि खालचा पडदा यांच्यात हवेची फट असते. चांगल्या घड्याळांत हे दोन्ही थर पारदर्शक गोंदाने एकजीव चिकटवलेले असतात. फट असली की उजेड एकाऐवजी अनेक पृष्ठभागांवरून परत फिरतो, काच आरशासारखी होते, आणि आधीच मंद असलेलं चित्र तिच्यामागे लपतं. पावसाळ्यात याच फटीत बाष्प धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे काचेच्या आतून धुकं आलेली घड्याळं रोज येतात, आणि त्यातली बहुतेक याच बांधणीची असतात. एक गोष्ट मात्र या बांधणीच्या बाजूने सांगायला हवी. नुसती काच फुटली तर मी काही वेळा काच तेवढी बदलून देऊ शकतो. एकजीव चिकटवलेल्या ॲमोलेडमध्ये काच फुटली की पडद्यासकट अख्खा जोड बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च सांगितला की माणूस बराच वेळ गप्प बसतो. बऱ्याचदा तो खर्च घड्याळाच्या निम्म्या किमतीच्या घरात जातो.

ॲमोलेडमध्ये मागे दिवा नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. काळा म्हणजे विझलेला, म्हणून काळा खरोखर काळा. पांढरे आकडे त्यावर असे उठतात की चाळिशीच्या डोळ्यालाही सोपं जातं. उजेडाचा खर्च पेटलेल्या ठिपक्यांपुरताच, म्हणून पडद्याचा बराचसा भाग काळा ठेवला तर पडदा कायम चालू ठेवणंही परवडतं. महागड्या घड्याळांत एलटीपीओ नावाचा पाठीमागचा थर असतो, तो गरज नसताना चित्र सेकंदाला साठ वेळांऐवजी एकदाच ताजं करतो. ॲपलने २०१९ मध्ये सिरीज ५ मध्ये कायम चालू राहणारा पडदा आणला तो याच्याच बळावर. तरी फुकट काही नाही. गार्मिनच्या व्हेन्यू ३ घड्याळाची बॅटरी कंपनी १४ दिवस सांगते आणि पडदा कायम चालू ठेवला तर ५ दिवस. हे प्रमाण लक्षात ठेवा. खोक्यावरचा मोठा आकडा हा जवळजवळ नेहमीच पडदा बंद राहत असतानाचा असतो.

ॲमोलेडचं एक दुखणं म्हणजे डाग. ठिपके सेंद्रिय पदार्थाचे असतात, वापराने ते झिजतात, आणि निळे सगळ्यात आधी झिजतात. एकच आकृती महिनोन्महिने एकाच जागी पेटलेली ठेवली तर तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा दमतात आणि तिची सावली कायमची राहते. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सबाईंचं घड्याळ माझ्याकडे आलं होतं. दोन वर्षं पडदा कायम चालू, उजेड सगळ्यात वर, आणि वॉच-फेसच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी पट्टी. पट्टी काढून टाकली तरी तिचा पिवळसर छाप जात नव्हता, आणि तो दुरुस्त करायचा उपाय माझ्याकडे नव्हता. आजची बरीच घड्याळं कायम चालू पडद्यावर चित्र एक-दोन ठिपके सरकवत राहतात, त्यामुळे हे प्रमाण कमी झालंय. पण उजेड कमाल पातळीवर अडकवून ठेवायची सवय मात्र नको.

आता तुमच्या मित्राचा एमआयपी. मेमरी इन पिक्सेल, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःची छोटी स्मरणशक्ती. एकदा 'काळा हो' सांगितलं की पुन्हा सांगेपर्यंत तो काळाच राहतो, सेकंदाला साठ वेळा आठवण करून द्यावी लागत नाही. मागे आरशासारखा थर असतो, तो बाहेरचा उजेड परत फेकतो. म्हणून पडदा चोवीस तास चालू असूनही बॅटरी नाममात्र जाते. २०१३ मध्ये आलेलं पेबल घड्याळ याच कुळातलं, शार्प कंपनीचा कृष्णधवल पडदा होता त्यात. नंतर गार्मिनच्या फोररनर, फेनिक्स आणि इन्स्टिंक्ट मालिकांनी हा पडदा धावपटू आणि गिर्यारोहकांच्या मनगटावर बसवला. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. रंगीत एमआयपीत साधारण ६४ रंगच असतात: लाल, हिरवा, निळा या प्रत्येकाच्या चार पायऱ्या, चार गुणिले चार गुणिले चार. फोटो लावायला हा पडदा नाही. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली तो मळकट वाटतो, आणि शोरूममध्ये शेजारी ॲमोलेड ठेवलं की कोणीही ॲमोलेडच उचलेल. मी याला शोरूमची फसगत म्हणतो. कोणी खोटं बोललेलं नसतं, पण घड्याळ जिथे वापरायचं त्या उजेडात ते कोणी बघितलेलंच नसतं.

निट्सच्या, म्हणजे पडदा किती उजळ आहे ते मोजायच्या एककाच्या, आकड्यांवर जरा थांबतो, कारण आज सगळी जाहिरात त्याच्यावरच चालते. ॲपलचं पहिलं वॉच २०१५ मध्ये ४५० निट्सचं होतं, पुढच्या वर्षी सिरीज २ मध्ये १,०००, २०२२ च्या अल्ट्रामध्ये २,०००, २०२३ च्या अल्ट्रा २ मध्ये ३,०००. हे का लागतं ते समजून घ्या. भर दुपारचं ऊन म्हणजे साधारण एक लाख लक्स (लक्स म्हणजे अंगावर पडणाऱ्या उजेडाचं माप). पण घड्याळ बघताना मुख्य त्रास काचेत दिसणाऱ्या आकाशाच्या प्रतिबिंबाचा होतो. निरभ्र आकाशाची प्रखरता काही हजार निट्स असते आणि साधी काच त्यातले सुमारे चार टक्के परत फेकते. समजा हे प्रतिबिंब २०० निट्सचं झालं. तुमचा पडदा ५०० निट्सचा असेल तर पांढरा आकडा ७०० आणि काळी पार्श्वभूमी २००. म्हणजे साडेतीनास एक. पडदा २,००० चा असेल तर २,२०० विरुद्ध २००, अकरास एक. पहिल्यात डोळे बारीक करावे लागतील, दुसऱ्यात सहज वाचता येईल. ॲमोलेडचा तो सुंदर काळा रंग उन्हात काळा राहतच नाही, हेही यातून दिसेल. एमआयपीत आकडा आणि पार्श्वभूमी दोन्ही त्याच उन्हावर जगतात. ऊन वाढलं की कागदावरच्या शाईसारखं दोन्हींतलं प्रमाण तेच राहतं आणि वाचणं उलट सोपं होतं.

मात्र निट्सच्या आकड्यात तीन मेख आहेत. पहिली, हा आकडा कमाल असतो, आणि तो बहुधा घड्याळ स्वतःहून, तीव्र उजेडात, थोड्या वेळापुरताच देतं. दुसरी, उष्णता. तापलेलं घड्याळ स्वतःला वाचवायला उजेड कमी करतं. एप्रिलच्या दुपारी बागेत तासभर उघड्या मनगटावर असलेलं घड्याळ खोक्यावरचा आकडा गाठेल याची खात्री धरू नका. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: घड्याळाला उजेड मोजणारा सेन्सर आहे का? बऱ्याच स्वस्त ॲमोलेड घड्याळांत तो नसतो. मग उजेड हाताने वाढवायचा. अण्णा बागेत उभे राहून सेटिंगमध्ये जाऊन उजेड वाढवणार आणि रात्री झोपताना कमी करणार, हे होणार नाही. ते एकदा ठेवलेल्या पातळीवरच राहील: दिवसा कमी पडेल, किंवा रात्री डोळ्यात जाईल आणि बॅटरी खाईल. १,००० निट्सचं सेन्सर असलेलं घड्याळ मी अण्णांसाठी २,००० च्या सेन्सर नसलेल्या घड्याळापेक्षा वर ठेवीन. डोळ्याला तसंही दुप्पट निट्स दुप्पट उजेड वाटत नाहीत, थोडे जास्त वाटतात एवढंच.

उजेड वाढवायची किंमत बॅटरी मोजते याचा एक ताजा नमुना सांगतो. गार्मिनने २०२५ मध्ये फेनिक्स ८ प्रोची मायक्रोएलईडी आवृत्ती आणली. चार लाखांवर सूक्ष्म एलईडी, ४,५०० निट्स. याच घड्याळाची त्याच आकाराची ॲमोलेड आवृत्ती कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २७ दिवस चालते, मायक्रोएलईडी १० दिवस. किंमतही दोन हजार डॉलरच्या घरात. तुमच्यासाठी हा विषय नाही, पण दिशा कळते.

आता रेखीवपणा. इंचाला किती ठिपके हे पीपीआय सांगतं. मनगट डोळ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर धरलं तर चांगली नजर असलेल्या डोळ्याला २९० च्या पुढचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. १.४३ इंची गोल पडद्यावर ४६६ बाय ४६६ ठिपके असतील तर ३२६ पीपीआय होतात, म्हणजे पुरेसे. दुकानदार दाखवतात तशा मोठ्या टीएफटीत बऱ्याचदा १.८३ इंचांवर २४० बाय २८४ ठिपके असतात. हिशोब केला तर २०३ पीपीआय. पडदा मोठा पण ठिपके तेवढेच, विरलेल्या कापडासारखे. खोक्यावर इंच मोठ्या अक्षरात असतात, ठिपके बारीक अक्षरात. ते बारीक अक्षर वाचा.

इथे एक गोष्ट इंग्रजी परीक्षणांत सहसा येत नाही, आणि आपल्याला ती रोज भेडसावते. देवनागरीला रोमन लिपीपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. २०० पीपीआयच्या पडद्यावर 'A' आणि 'B' व्यवस्थित दिसतात, पण 'ज्ञानेश्वर' किंवा 'राष्ट्रीय' याचा गोळा होतो. एमआयपीत राखाडी छटा मोजक्याच असल्याने अक्षरांच्या कडा आणखी दातेरी होतात. अण्णांनी फोनमधली नावं मराठीत साठवली असतील तर हा मुद्दा निट्सइतकाच महत्त्वाचा आहे. काही घड्याळांत देवनागरी अक्षरंच नसतात, नावाऐवजी चौकोन-चौकोन येतात. माझ्या दुकानात एक काका नवीन घड्याळ घेऊन आले होते, तक्रार "पडदा खराब आहे, नुसती खिडक्या-खिडक्या दिसतात". पडदा उत्तम होता. त्या घड्याळाला मराठी येत नव्हतं. आम्ही बसून त्यांच्या फोनमधली वीस-पंचवीस नेहमीची नावं इंग्रजी अक्षरांत करून दिली, पण घरातल्यांनी ते आधी तपासलं असतं तर काकांना फेरा पडला नसता.

काचेबद्दल लवकर आटोपतो. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्सच्या मापावर ७ कडकपणाचं, साधी आणि मजबूत केलेली काच त्याहून मऊ, सफायर (नीलमाच्या स्फटिकाची काच) ९. म्हणून सफायरवर वाळूचे ओरखडे पडत नाहीत. पण सफायर साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट उजेड परत फेकतं, सुमारे पावणेआठ टक्के. त्यावर प्रतिबिंब कमी करणारा लेप नसेल तर उन्हात तेच नडतं. तुमच्या बजेटमध्ये सफायर बहुधा येणारच नाही. अण्णांच्या घड्याळाला पहिल्या दिवशीच साधा संरक्षक पापुद्रा लावा, पण मऊ, पातळ आणि चमकदार. जाड काचेचा लावला तर पुन्हा हवेची फट आणि पुन्हा आरसा. फवारणीच्या औषधाचा थर बसला की ओल्या मऊ फडक्याने पुसा, धोतराच्या सोग्याने कोरडं घासू नका. पडद्यांवरचे मी बघतो ते निम्मे ओरखडे या कोरड्या पुसण्याचे असतात.

इथवरचं दोन वाक्यांत: उन्हात एमआयपी पहिला, सेन्सर असलेला उजळ ॲमोलेड दुसरा, टीएफटी शेवटचा. घरात आणि अंधारात ॲमोलेड पहिला, आणि लांब टिकणाऱ्या बॅटरीवर पडदा कायम चालू हवा असेल तर एमआयपी.

मग अण्णांना काय? नुसत्या उन्हाचा प्रश्न असता तर मी डोळे झाकून एमआयपी म्हणालो असतो. गार्मिनच्या इन्स्टिंक्टसारख्या कृष्णधवल पडद्याचे मोठे आकडे उन्हात बिनचष्म्याने वाचता येतात, मी स्वतः अनेक बागायतदारांच्या हातात बघितलेत. पण तुमच्या १५ हजारांत नवं, चांगलं एमआयपी घड्याळ सहज मिळत नाही, आणि अण्णांना मराठी नाव वाचायचंय. या दोन गोष्टींमुळे माझं उत्तर बदलतं. अण्णांसाठी चौकोनी, १.८ ते २ इंचांचं ॲमोलेड घ्या, ३०० पीपीआयच्या आसपास, किमान १,००० निट्स, उजेडाचा सेन्सर नक्की, आणि कडेला एक खरं दाबायचं बटण. २०२५ मध्ये आलेलं ॲमेझफिट बिप ६ हा या आकाराचा एक नमुना आहे: १.९७ इंच, ३९० बाय ४५० ठिपके, २,००० निट्स. तेच घ्या असं नाही, पण तुलनेला हे माप समोर ठेवा. गोल घड्याळ दिसायला देखणं, पण लांब मराठी नाव गोलात दोन्ही बाजूंनी कापलं जातं. दोन इंची टीएफटी अण्णांसाठी मी घेणार नाही. इंच मोठे आहेत, पण उन्हात ते कामाचे नाहीत.

बटणाचा आग्रह का? मातीचे किंवा ओले हात टचला कळत नाहीत, आणि मनगट उचललं की पडदा पेटण्याची सोय वेलीखाली हात वर असताना फसते. छाटणी करणाऱ्याचा हात सारखा वरच असतो, घड्याळाला कळत नाही की हा बघतोय की कात्री चालवतोय. बटण दाबलं की पेटलं, एवढं साधं हवं.

तुमच्यासाठी माझं मत वेगळं आहे. तुमचा मित्र चुकीचं सांगत नाही. तो बहुधा दिवसा लांब पल्ले धावतो, त्याला एमआयपीच शोभतो. तुम्ही पहाटे अंधारात धावता आणि बाकी वेळ ट्यूबलाइटखाली असता. तिथे एमआयपीला सारखी बॅकलाइट (पडद्याला उजेड देणारा आतला दिवा) लागेल. तुम्ही ॲमोलेड घ्या. बॅटरीची भीतीही पूर्वीइतकी राहिलेली नाही: गार्मिनचंच फोररनर २५५ एमआयपीचं होतं, २०२२ मध्ये आलं, कंपनीचा आकडा १४ दिवस. पुढच्या वर्षी आलेलं २६५ ॲमोलेडचं, आकडा १३ दिवस. पडदा कायम चालू ठेवला तर हा फरक वाढतो हे मात्र धरून चाला. झोपताना घड्याळ घालणार असाल तर कमाल उजेडापेक्षा किमान उजेड तपासा. ॲपलने सिरीज ९ मध्ये तो १ निटपर्यंत खाली आणला, कारण अंधाऱ्या खोलीत ५० निट्ससुद्धा टॉर्चसारखे वाटतात. काही लोकांना मंद केलेल्या ॲमोलेडची सूक्ष्म उघडझाप डोळ्यांना जाणवते, डोकं दुखतं. सगळ्यांना होत नाही, पण तुम्हाला फोनवर असा त्रास होत असेल तर घड्याळावरही दहा मिनिटं मंद उजेडात बघून मगच ठरवा. धावताना पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर तो घालूनच दुकानात जा. मान तिरकी केल्यावर काही पडदे, विशेषतः एलसीडी जातीचे, एका कोनात काळेठिक्कर पडतात.

दुकानात गेल्यावर अण्णांना बरोबर न्या, आणि त्यांचा फोनही. घड्याळ दुकानाच्या बाहेर, फुटपाथवर, उन्हात घेऊन या. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. अण्णांना चष्मा काढायला सांगा. फोन जोडून त्यांच्या फोनवर कॉल करा आणि 'कृष्णा', 'ज्ञानेश्वर', 'सुश्रुत' असं एखादं जोडाक्षराचं नाव घड्याळावर वाचायला लावा. तुम्ही वाचू नका, त्यांनाच वाचू द्या, हात कामाच्या वेळी असतो तितका लांब ठेवून. मग उन्हातून सावलीत या आणि उजेड आपोआप किती वेळात बदलतो ते मोजा. मांडवाखाली दिवसातून शंभर वेळा हे होणार आहे. शेवटी बोट ओलं करून टच चालतो का बघा.

घरी आणल्यावर वॉच-फेस अण्णांच्या हातात देण्याआधी तुम्हीच लावून द्या: काळी पार्श्वभूमी, पांढरे किंवा फिकट पिवळे जाड आकडे, त्यावर वेळ, तारीख आणि पावलं, बस. निळे आणि लाल आकडे टाळा, उन्हात ते सगळ्यात आधी हरवतात. सूचनांमध्ये फक्त फोन कॉल आणि घरच्यांचे मेसेज चालू ठेवा. पडदा पेटून राहण्याची वेळ ५ सेकंदांवरून १० किंवा १५ करा. अण्णांना नाव वाचायला तेवढा वेळ लागेल, आणि वाचायच्या आत पडदा विझला तर महिन्याभरात घड्याळ कपाटात जाईल. आणि पट्टा एक घर सैल ठेवून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला घालून बघायला सांगा. आमच्याकडचे कितीतरी बागायतदार तसंच घालतात: कात्री चालवताना काचेला काडी लागत नाही, आणि बघायला हात फिरवला की अंगाचीच सावली पडद्यावर पडते.

अण्णांनी उन्हात कोणतं नाव वाचलं आणि कोणतं नाही, ते इथेच कळवा. मॉडेलची नावंही लिहा, मग दोन-तीन घड्याळांत निवड करायला मी मदत करतो.